पोत्यातला ताप

आमच्या डिग्रीवर 'इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन' असं ठळक अक्षरात लिहिलंय आणि पगार मिळतो तो जावातले नल पॉइंटर शोधण्याचा. पुण्यात असे माझ्यासारखे किती असतील ते मोजायला हिंजवडीच्या सिग्नलला उभं राहिलं तरी पुरे. शेगावला चार वर्षं ऑप-अँप, बोडे प्लॉट, सॅम्पलिंग थिअरम सगळं घोकलं, कॅम्पसमध्ये एका आयटी कंपनीने उचललं आणि त्यानंतर सोल्डरिंग गनला हात लावायची वेळ आली ती थेट या मार्चमध्ये. तीही पातूरच्या आमच्या घरी, सोयाबीनच्या पोत्यांसाठी!

पातूर म्हणजे अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याने निघालात की घाट लागायच्या आधीचं तालुक्याचं गाव. जुन्या कागदांत 'पातूर शेख बाबू' असं सापडतं, ते तिथल्या दर्ग्यामुळे. डोंगरात कोरलेली लेणीही आहेत. पण आमच्या घरात सध्या चर्चा लेण्यांची नाही, धाब्याच्या खोलीची असते.

झालंय असं की आमच्या घराला लागून आजोबांच्या वेळची एक धाब्याची खोली आहे. जाड मातीच्या भिंती, वर माती, आत दुपारीसुद्धा अंधार. मागच्या आवारात काकांनी काही वर्षांपूर्वी टिनाचं शेड टाकलंय, लोखंडी अँगलचं, ऐसपैस. काकांचं म्हणणं, धाबं पाडा. "तथी स्लॅब टाकू, दोन गाळे निघतात. उंदरायले कायले पोसता?" बाबांचं म्हणणं, बियाणं धाब्यातच राहतं. हा वाद दर उन्हाळ्यात होतो आणि दर पावसाळ्यात गळक्या धाब्यामुळे काकांचं पारडं जड होतं.

बियाण्याचा विषय आमच्याकडे नाजूक आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या पावसाने उभं आणि कापून ठेवलेलं सोयाबीन भिजलं, आणि २०२० च्या जूनमध्ये विदर्भ-मराठवाड्यात पेरलेलं उगवलंच नाही अशा तक्रारींचा ढीग लागला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली इतका तो मामला मोठा होता. आमचंही त्या वर्षी विकत आणलेलं बियाणं निम्मंसुद्धा वर आलं नाही. (कंपनीचं नाव जाऊ द्या.) दुबार पेरणी म्हणजे काय ते मी तेव्हा घरून काम करत असल्यामुळे जवळून पाहिलं. एका हातात लॅपटॉप, स्टँडअप कॉल चालू, आणि समोर बाबा वावरातली ओळ उकरून कुजलेले दाणे तळहातावर घेऊन बघतायत. तेव्हापासून बाबा घरचंच बियाणं राखतात. एकरी ३० किलो, आमचं, काकांचं आणि शेजारपाजारच्या दोन-तीन घरांचं मिळून साधारण १० क्विंटल. ते जूनपर्यंत जिवंत राहिलं पाहिजे.

जिवंत हा शब्द मुद्दाम वापरला. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं, पोतं आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, उगवण किमान ७० टक्के हवी, हे तर कृषी विभागवाले दरवर्षी सांगतात. पण तापमानाचा हिशोब कुणी फारसा करत नाही. हॅरिंग्टन नावाच्या बीजशास्त्रज्ञाचा एक ठोकताळा आहे : साठवणुकीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने कमी केलं की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं, आणि ओलावा १ टक्क्याने कमी केला तरी दुप्पट. ठोकताळाच तो, कायदा नव्हे. तरी वाचल्यावर माझ्या डोक्यात लगेच आलं, की मग धाबं आणि टिन यांच्यातला फरक किती अंशांचा आहे? दोन असेल तर काका बरोबर, आठ असेल तर बाबा.

बाबांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "हात घालून पाय पोत्यात. त्याले वायर कायले पाह्यजे?"

त्यांचा हात खरंच चांगला आहे, पण काकांना तो मान्य नाही. काकांनाही हात आहेच ना.

मग बोर्ड आलं. आमच्या ऑफिसच्या टेस्टिंगवाल्यांनी एक जुनं यूएसबीचं डेटा अ‍ॅक्विझिशन बोर्ड भंगारात काढलं होतं, ते मी रीतसर विचारून उचललं. साबणाच्या वडीएवढी डबी, दोन्ही बाजूंना स्क्रूचे टर्मिनल. आता तुमच्यातले हुशार लोक म्हणतील, अरे हे सगळं कशाला, डीएस१८बी२० नावाचा डिजिटल सेन्सर मिळतो की शंभरेक रुपयांत, तीन वायरी जोडल्या की झालं. अगदी मान्य. पण आमचा चुलतभाऊ पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्या प्रोजेक्टचा विषयच 'अ‍ॅनलॉग सिग्नल कंडिशनिंग' असा ठरून बसलाय. म्हणजे बोर्ड माझं, पोती बाबांची, मार्क त्याचे. मी पुण्याहून फोनवर आणि जमेल त्या वीकेंडला प्रत्यक्ष.

आपल्या धंद्यात डेटा जन्मतो तोच मुळी जेसनच्या कपड्यात. कंसात बसलेला, नीटनेटका. तापमान : ३८.४. हा आकडा आधी कुठल्यातरी तारेवरचा व्होल्टेज होता, त्या तारेला कुणीतरी स्क्रूने आवळलं होतं, हे आपण विसरूनच गेलोय. त्या तारेची दोन टोकं असतात, हे तर त्याहून जास्त विसरलोय. पुढचा सगळा मजकूर त्या दुसऱ्या टोकाबद्दल आहे.

सेन्सर घेतला एलएम३५, पुण्यातल्या तपकीर गल्लीतून. एका अंशाला १० मिलीव्होल्ट, म्हणजे ४० अंशाला ४०० मिलीव्होल्ट, गणित सोपं. थर्मोकपल का नाही? के टाइप थर्मोकपल एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं, आणि आमच्या १२ बिटांच्या बोर्डाला एवढं बारीक दिसतच नाही. १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या. बोर्ड उणे १० ते अधिक १० व्होल्टच्या रेंजवर ठेवलं तर एक पायरी झाली जवळजवळ ५ मिलीव्होल्टची, म्हणजे एलएम३५ च्या भाषेत अर्धा अंश. तीच रेंज उणे १ ते अधिक १ व्होल्ट केली की पायरी अर्ध्या मिलीव्होल्टची, ०.०५ अंश. सेन्सर स्वतःच अर्धा-एक अंश इकडेतिकडे सांगतो, तेव्हा एवढं भरपूर. (ते अर्धा-एक अंश काढायला चारही सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माठाच्या पाण्यात एकत्र बुडवले आणि त्यांच्यातला फरक लिहून ठेवला. आईला माठ नंतर घासावा लागला.)

आता गंमत अशी की लहान रेंज या बोर्डावर मिळते ती फक्त 'डिफरन्शिअल' जोडणीत. सिंगल एंडेड जोडलं तर ८ चॅनेल, डिफरन्शिअल जोडलं तर ४. मी म्हटलं डिफरन्शिअल कर. आमचे पॉलिटेक्निकवाले म्हणाले, "दादा, आठ सोडून चार कायले घ्याचे?" आणि फोन ठेवून त्यांनी आठ घेतले. भारतीय ग्राहक! पण बरंच झालं म्हणा, नाहीतर पुढची मजा बघायला मिळाली नसती.

सिंगल एंडेड म्हणजे प्रत्येक सेन्सरची एकच तार मोजायची, आणि 'शून्य' सगळ्यांचं एकच, बोर्डाचं ग्राउंड. गावातल्या सगळ्यांनी घराची उंची ग्रामपंचायतीच्या ओट्यापासून मोजावी तसं. ओटा हलला नाही तर काही बिघडत नाही. डिफरन्शिअलमध्ये प्रत्येक सेन्सरच्या दोन तारा येतात आणि बोर्ड त्या दोघींमधला फरक मोजतं. ओटा हलला तर दोन्ही तारा सारख्याच हलतात आणि वजाबाकीत ते हलणं निघून जातं.

भावाने सेन्सर बसवले लोखंडी नळीत. अडत्याकडे पोत्यात खुपसायची परखी असते ना, जिने दाणे काढून बघतात, तशी टोकदार नळी करून घेतली वेल्डरकडून. कल्पना झकास. नळीला त्याने केबलचं आवरण आणि ग्राउंडची तारही जोडली, कारण पुस्तकात शिल्डला ग्राउंड करा असं लिहिलेलं असतं. नळ्या खुपसल्या पोत्यांत, पोती टिनाच्या शेडमधल्या लोखंडी अँगलच्या मांडणीवर. वीसेक मीटर केबल आवारातून घरात, तिथे बोर्ड, बोर्ड जुन्या लॅपटॉपला. दर सेकंदाला एक रीडिंग.

पहिल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राफ आला आणि खाली मेसेज : "दादा, पोतं श्वास घेऊन रायलं."

खरंच घेत होतं. ३३ ते ४५ अंशांमध्ये एक संथ, गुळगुळीत लाट. वीस सेकंदांत वर, खाली, परत वर. कुणालाही वाटेल की आत काहीतरी जिवंत आहे. घरात तर बाबांनी पोतं फोडायची तयारी केली होती, आत कीड लागून गरम होतंय म्हणून.

मी विचारलं, मोटर चालू आहे का? होती. मागच्या आवारात बोअर आहे, थ्री फेजची मोटर, आणि तिचा स्टार्टर त्याच टिनाच्या शेडमध्ये अँगलवर ठोकलेला. मोटर बंद करून बघ म्हटलं. लाट बंद, सरळ रेघ, ३९ अंश. चालू कर. परत श्वास.

हा श्वास कुठून आला ते सांगतो, कारण सॅम्पलिंग थिअरमवर आयुष्यात एकदाच पैसे वसूल झाले ते इथे. मोटरमुळे जो गोंधळ तारेत शिरत होता तो ५० हर्ट्झचा, सेकंदाला पन्नास हेलकावे. आपण बघत होतो सेकंदातून एकदा. जुन्या सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात, तोच प्रकार : डोळा (किंवा कॅमेरा) इतक्या विरळ वेळाने उघडतो की खरी गती हरवते आणि भलतीच संथ गती दिसते. वीज बरोबर ५० हर्ट्झवर असती तर रेघ नुसतीच चुकीच्या जागी सरळ दिसली असती. पण ग्रिडची फ्रिक्वेन्सी कायम थोडी मागेपुढे होत असते, ४९.९० ते ५०.०५ हा तिचा ठरवून दिलेला पट्टा. ती ४९.९५ असेल तर सेकंदाला एक रीडिंग घेणाऱ्याला दिसते ०.०५ हर्ट्झची लाट. म्हणजे बरोबर वीस सेकंदांचा एक श्वास. आम्ही पोत्याचं तापमान मोजत नव्हतो, अख्ख्या देशाच्या ग्रिडची नाडी बघत होतो. सोयाबीनमधून!

याला उपाय सॉफ्टवेअरचा आहे आणि तो मला जमण्यासारखा होता. सेकंदाला एक रीडिंग घेण्याऐवजी हजाराच्या वेगाने ०.२ सेकंद रीडिंग घ्यायची. २०० आकडे, त्यात ५० हर्ट्झचे बरोबर दहा हेलकावे. सरासरी काढली की वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांना खाऊन टाकतात. पाच ओळींचा कोड. लाट गेली.

गेली, पण मला ते पटत नव्हतं. सरासरीने गोंधळ दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही. बारा अंशांची लाट एलएम३५ च्या हिशोबात शंभराच्या वर मिलीव्होल्ट होतात, आणि तेवढे मिलीव्होल्ट तारेत हवेतून उडत येत नाहीत. त्यात दुसऱ्या दिवशी भावाचा फोन : "दादा, लॅपटॉपचा चार्जर काढला तं कच्ची रेघबी सरळ होते. मोटर चालू असून."

या वाक्यावर त्याला माझ्याकडून पूर्ण मार्क. चार्जर काढल्यावर गोंधळ थांबतो याचा अर्थ गोंधळ सेन्सरमधून येत नाही, तो चार्जरमधून घराबाहेर जातो. सर्किट पुरं होतंय. कसं बघा : शेडमधला लोखंडी अँगल जमिनीत रोवलेला. त्याला टेकलेली नळी. नळीला जोडलेली ग्राउंडची तार. तार वीस मीटरवर बोर्डाला, बोर्ड यूएसबीतून लॅपटॉपला, लॅपटॉप तीन पिनांच्या चार्जरमधून घराच्या अर्थिंगला, अर्थिंग परत जमिनीत. एक पूर्ण वेटोळं, ज्याला इंग्रजी पुस्तकं ग्राउंड लूप म्हणतात. जमीन सगळीकडे शून्य व्होल्टला असते असं आपण शाळेत शिकतो, पण दोन ठिकाणच्या दोन जमिनी सारख्या शून्य नसतात. त्यांच्यात थोडा जरी फरक असला तरी त्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो आणि ज्या तारेला आपण 'शून्य' समजून मोजत असतो तिच्यावरच व्होल्टेज पडतं. आमचा ओटाच हलत होता.

मी म्हटलं केबल सोड, मल्टिमीटर घे, अँगल आणि घरातल्या अर्थ पिनमध्ये एसी व्होल्टेज बघ. मोटर बंद असताना ०.३ व्होल्ट. मोटर चालू केल्यावर ४ व्होल्ट.

हिशोब जुळत होता. तारेचा रोध साधारण २ ओहम धरा, जमिनीचा दोन्हीकडचा मिळून शंभरेक. ४ व्होल्टने ४० मिलीअँपिअर प्रवाह, तारेवर ८० मिलीव्होल्ट, म्हणजे ८ अंश, आणि तेही आरएमएस. लाट त्याच मापाची होती.

बाबांनी विचारलं, "चार व्होल्ट म्हंजे किती?" मी सांगायच्या आधी आई आतून बोलली, "धुनं धुताना मले हाताले मुंग्या येत होत्या कधी कधी. मले वाटलं कामानं येतात."

धुण्याचा नळ त्याच अँगलला तारेने बांधलेला आहे.

त्यानंतर दोन दिवस पोती, प्रोजेक्ट, तापमान सगळं बाजूला राहिलं. मोटर बंद ठेवली, गावातल्या वायरमनला बोलावलं. मोटरच्या केबलचं इन्सुलेशन बोअरच्या तोंडाशी घासून उघडं पडलं होतं, आणि स्टार्टरची अर्थिंगची तार खाली खड्ड्यापर्यंत पोचतच नव्हती, गंजून मध्येच तुटलेली. जो गळका प्रवाह तारेतून मुकाट जमिनीत जायचा, तो अँगलमधून वाट काढत होता. मार्च-एप्रिलात काळी माती सुकून भेगाळली की तिचा रोध वाढतो, म्हणजे उन्हाळा पुढे सरकला असता तसा तो चारचा आकडा चारवर थांबला असता असं मला वाटत नाही. नवीन केबल, नवीन अर्थिंग, खड्ड्यात कोळसा-मीठ, वर रोज बादलीभर पाणी. आणि स्टार्टरच्या आधी गळती पकडणारा ब्रेकर. त्याचे पैसे काकांनी दिले, एका शब्दानेही घासाघीस न करता. मग अँगल आणि अर्थ पिनमध्ये मोजलं, मोटर चालू असताना ०.२ व्होल्ट.

(मंडळी, हे वाचून एवढं तरी करा. गावी गेलात की नळ, पंप, कूलर यांच्या लोखंडाचं आणि अर्थ पिनचं व्होल्टेज मल्टिमीटरने बघा. मीटर तीनशे रुपयांत येतो. कूलरचा आमच्याकडे उन्हाळ्यात काय प्रताप असतो ते अकोल्याच्या लोकांना सांगायला नको.)

मग केबल परत ओढली, यावेळी डिफरन्शिअल. आठाचे चार झाले, कुरकुर न करता. नळीवरून ग्राउंड काढून टाकलं, सेन्सर नळीत प्लास्टिकच्या बाहीत बसवला. प्रत्येक सेन्सरच्या दोन मोजायच्या तारा एकमेकींना पीळ घालून, आणि सेन्सरला वीज देणाऱ्या तारा वेगळ्या. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची : जिच्यातून प्रवाह जातो ती तार मोजायला वापरायची नाही. शिल्ड फक्त बोर्डाच्या टोकाला जोडलं, दुसरं टोक मोकळं. लांब केबलला एलएम३५ चटकन बिचकतो, स्वतःच थरथरायला लागतो, म्हणून त्याच्या डेटाशीटमध्येच सुचवल्याप्रमाणे त्याच्या पायाशी ७५ ओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

चौथा सेन्सर बाहेर लिंबाच्या सावलीत टांगला. तिथवर विजेची तार न्यायची नव्हती म्हणून तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर. बॅटरीवरचा सेन्सर म्हणजे तरंगता, त्याचं जमिनीशी नातंच नाही. अशा वेळी डिफरन्शिअल जोडणीत दोन्ही तारा मिळून हळूहळू कुठेही वाहवत जातात, आणि बोर्डाच्या मर्यादेबाहेर गेल्या की आकडा एका टोकाला जाऊन चिकटतो. म्हणून त्याच्या उणे तारेपासून बोर्डाच्या ग्राउंडपर्यंत १०० किलोओहमचा एक रेझिस्टर टाकला. दावं म्हणा हवं तर : गाय बांधलेली पण आहे आणि चरतेही आहे.

एक भूत मात्र शिल्लक होतं. जोडण्या चालू असताना तिसऱ्या चॅनेलला काहीच लावलेलं नव्हतं, तरी त्यावर ३९ अंश दिसायचे. बोर्डात चॅनेल कितीही असले तरी मोजणारा एकच असतो, तो आळीपाळीने एकेका तारेकडे जातो आणि तिचं व्होल्टेज एका इवल्या कपॅसिटरवर घेतो. पुढची तार रिकामी असली की मागच्या तारेचं व्होल्टेजच त्या कपॅसिटरवर उरतं. सरकारी दवाखान्यातली नर्स पाऱ्याचं थर्मामीटर न झटकता पुढच्या पेशंटला लावते तसंच. म्हणून रिकामे चॅनेल ग्राउंडला जोडायचे, आणि चॅनेल बदलल्यावरचं पहिलं रीडिंग फेकून द्यायचं. हे भावाच्या परीक्षेत विचारतील असं मी त्याला बजावून ठेवलंय.

हे सगळं करताना मला सारखं खोडद आठवत होतं. नारायणगावजवळची जीएमआरटी कॉलेजात असताना आम्ही एका विज्ञान दिनाला बघितली होती. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण. त्यातल्या काही मध्यापासून कित्येक किलोमीटर लांब, आणि त्यांनी पकडलेला सिग्नल इतका क्षीण की आमचे मिलीव्होल्ट त्यापुढे ढोलताशे. तो सिग्नल मध्यवर्ती इमारतीत आणतात ऑप्टिकल फायबरमधून. तेव्हा वाटलं होतं की वेगासाठी असेल. आता शेडमधल्या ४ व्होल्टनंतर दुसरं कारण डोळ्यांपुढे आलं : काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, ग्राउंड येत नाही. आणि २०१० च्या सुमारास तिथे जी नवीन यंत्रणा बसली तिच्यात हे सिग्नल आकड्यांत आणायचं काम बाजारात मिळणारी एडीसी कार्डं आणि साधे लिनक्स कॉम्प्युटर करत होते. आमची साबणाची डबी त्यांची फार लांबची, गरीब नातेवाईक.

आणि कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा धरणाच्या भिंतीतल्याच एका यंत्राने जमिनीचा हिसका फोटोच्या कागदावर रेघ म्हणून टिपला. निव्वळ अ‍ॅनलॉग. ती रेघ नंतर मोजून तिचे आकडे केले गेले, आणि आज जगभरात धरणाच्या भूकंपाचं सॉफ्टवेअर तपासायचं तर कोयनेचे तेच आकडे घालून बघतात. भिंतीला कुठे तडे गेले ते माहीत आहे, त्यामुळे उत्तर पडताळता येतं. शंभराच्या वर माणसं गेली त्या पहाटे. कुणीतरी आधीच ते यंत्र नीट बसवून ठेवलं होतं, एवढंच त्यातलं मला समजतं.

असो. आकडे सांगायचे राहिले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर सावलीत ४२ असताना दुपारी चार वाजता टिनाखालच्या सगळ्यात वरच्या पोत्याच्या मध्यात ४०.५ होते, सगळ्यात खालच्यात ३७. धाब्यातल्या पोत्यात ३३.५. आणि दिवसरात्र मिळून धाब्यातली रेघ एका अंशाने सुद्धा हलत नव्हती, टिनातली वरच्या पोत्याची रेघ डोंगरासारखी. चोवीस तासांची सरासरी काढली तर फरक साडेपाच अंशांचा. हॅरिंग्टनसाहेबांच्या हिशोबात दुपटीपेक्षा थोडं जास्त.

काकांनी ग्राफ मोबाइलवर दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "हे तुह्या बापानं तुले सांगून काढाले लावलं काय?"

म्हणून मग मेच्या शेवटी बाबांनीच त्यांच्या पद्धतीने निकाल लावला. बियाणं एकाच वावरातलं, एकाच दिवशी मळलेलं, नोव्हेंबरात दोन्हीकडे वाटून ठेवलेलं. दोन्हीकडचे शंभर-शंभर दाणे काकांनी स्वतः मोजून घेतले, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळून सावलीत ठेवले, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी उघडून मोजले. टिनाच्या वरच्या थरातले ६८ उगवले, धाब्यातले ८३. शंभर दाण्यांची एकच चाचणी, त्यावर पेपर लिहिता येणार नाही हे मलाही कळतं. पण ६८ म्हणजे ७० च्या खाली, आणि ७० हा आकडा काकांना तोंडपाठ आहे.

टिनातली वरची पोती बाजारात विकायला काढली, खालची पेरायला ठेवली पण एकरी थोडं जास्त धरून. शेजाऱ्यांना धाब्यातलं दिलं. पेरणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात झाली. धाब्यावर सध्या ताडपत्री आहे. पाडायचं की दुरुस्त करायचं ते दिवाळीनंतर बघू असं ठरलंय. म्हणजे गाळ्यांचा नकाशा काकांनी अजून फाडलेला नाही.

भावाला प्रोजेक्टमध्ये चांगले मार्क मिळाले. बोर्ड परत मागितलं तर म्हणतो तिसरा चॅनेल आता बोअरच्या मोटरच्या करंटवर लावलाय, अर्थिंगच्या तारेतून किती गळतं ते बघायला. आई रोज सकाळी धुण्याला बसायच्या आधी त्याला हाक मारून विचारते, किती आलं रे आज?